पाना कुणाच्या हातात?



मागच्या महिन्यात आमच्या शनिवारच्या बैठकीला एक मुलगी आली. वडिलांचं उद्यमनगरात दोन लेथचं छोटं वर्कशॉप. हिने दहावीनंतर तीन वर्षांचा ऑटोमोबाईल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केलेला, चांगल्या मार्कांनी. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेकजणी काहीतरी सोसून आलेल्या असतात. ही तक्रार घेऊन आली नव्हती, प्रश्न घेऊन आली होती.

"मी दोन ठिकाणी मुलाखत देऊन आलो," ती म्हणाली. (आमच्या कोल्हापूरच्या मुली 'मी आलो, मी जातो' असंच बोलतात. क्रियापदात तरी आम्ही बरोबरी कधीच मिळवली आहे.) पहिली मुलाखत गाड्यांच्या एका शोरूममध्ये. तिने वर्कशॉपमधलं काम मागितलं, त्यांनी काउंटर देऊ केला. "तुम्ही गिऱ्हाइकाशी गोड बोलाल, गाडीखाली झोपायला मुलं आहेत की." दुसरी मुलाखत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. तिथे काम तिच्या मनासारखं होतं, पण तीन पाळ्यांचं. मुलींना दुसरी-तिसरी पाळी झेपायची नाही, आणि एकीसाठी आम्ही पाळ्या बदलणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. तिने "मी रात्रपाळी करतो" म्हटलं, तर "घरच्यांची चिठ्ठी आणा" असं उत्तर मिळालं. घरच्यांनी चिठ्ठी दिली नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर ती आमच्याकडे वळली. "तुम्ही आमच्या कॉलेजात येऊन सांगितलं होतं, मुलींनी सगळ्या क्षेत्रांत गेलं पाहिजे. मी गेलो. आता रात्रपाळी घेऊ का नको, तेवढं सांगा."

खोलीत बाराजणी होत्या. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग एक म्हणाली, "हक्क आहे तुझा, घ्यायलाच पाहिजे." दुसरी म्हणाली, "हायवेवरून रात्री बाराला ही घरी कशी येणार? काही झालं तर आपण काय करणार आहोत?" वाद रंगला, आवाज चढले, आणि आठ वाजता ती मुलगी शेवटची बस चुकेल म्हणून उठून गेली. तिच्या प्रश्नाचं उत्तर न देताच आम्ही सतरंजी गुंडाळली. हे संपादकीय म्हणजे त्या राहून गेलेल्या उत्तराचा प्रयत्न आहे.

कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना अंबाबाई, चपला आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण हे गाव लोखंडाचंही आहे. इथल्या मेस्त्रींनी फारसं शिक्षण नसताना, समोरचं यंत्र उघडून, बघून, तसंच दुसरं घडवलं. शेतीपंपाची ऑइल इंजिनं बनवली. उद्यमनगरातून कारखानदारी शिरोलीला गेली, गोकुळ शिरगावला गेली, पुढे कागल-हातकणंगलेच्या पंचतारांकित वसाहतीत पसरली. आज देशातल्या कितीतरी ट्रक, ट्रॅक्टर आणि मोटारींच्या पोटातलं ओतीव लोखंड कोल्हापूरच्या फौंड्रीतून गेलेलं असतं. ऑटोमोबाईल इंजिनिअर होऊ पाहणाऱ्या मुलाला या जिल्ह्यात घराबाहेर पडलं की शाळा सापडते. काका, मामा, शेजारी, कुणाच्या ना कुणाच्या वर्कशॉपमध्ये तो सुटीत जातो, पाना धरतो, शिव्या खातो आणि शिकतो. त्याच घरातली मुलगी त्या वर्कशॉपमध्ये जाते ती डबा द्यायला.

मग या उद्योगात बायका नाहीतच का? आहेत. फौंड्रीत साच्याच्या आत बसवायचा वाळूचा गाभा करावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. कास्टिंगमधली पोकळी या कोअरमुळे तयार होते, आणि तो जरा जरी तुटका निघाला तर अख्खं कास्टिंग बाद होतं. कोअर शॉपमध्ये हे नाजूक, बोटांचं काम करताना तुम्हांला बायका दिसतील. बहुतेकजणी ठेकेदाराकडच्या, रोजावरच्या. त्यांना कुणी कारागीर म्हणत नाही. त्यांच्या कामाला हुद्दा नाही, त्यामुळे बढतीही नाही. बायकांच्या बोटांत कसब असतं हे मालकाला पक्कं ठाऊक आहे. त्या कसबाला 'कौशल्य' म्हटलं की त्याचा दर द्यावा लागतो, अडचण तिथे आहे.

'बायकांना यंत्रातलं कळत नाही' हे वाक्य किती जुनं आहे, कोण जाणे. पण ते मोटारीच्या जन्मापासून खोटं आहे. कार्ल बेंझच्या कारखान्याला सुरुवातीला वाचवलं ते बर्था बेंझच्या हुंड्याच्या पैशाने. १८८८ च्या ऑगस्टमध्ये तीच बर्था दोन मुलांना घेऊन नवऱ्याने बनवलेल्या गाडीतून मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, सुमारे १०४ किलोमीटर. मोटारीने केलेला इतका लांबचा हा पहिलाच प्रवास. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. ब्रेक झिजला, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकला अस्तर लावायची कल्पना तिथून आली, असं मानतात. पेटंट अर्थातच नवऱ्याच्या नावावर.

आणि लांब कशाला जायचं? याच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी घडवला. आमच्या गावाच्या यंत्रविद्येचा तो मानबिंदू. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैशाचा आधार दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेने. बाईचा पैसा यंत्राला चालला, बाईचा हात मात्र यंत्राला लागता कामा नये, ही रीत मानहाइमपासून कोल्हापूरपर्यंत सारखीच.

ती मोडणाऱ्याही झाल्या. १९७४ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या हुबळीच्या सुधा कुलकर्णींनी (आजच्या सुधा मूर्ती) टेल्कोची जाहिरात वाचली. मोटारी बनवणाऱ्या या कंपनीला हुशार तरुण इंजिनिअर हवे होते आणि खाली तळटीप होती की महिलांनी अर्ज करू नये. त्यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं. मुलाखतीला बोलावणं आलं, नोकरी मिळाली आणि कारखान्यात इंजिनिअर म्हणून काम करणारी टेल्कोतली पहिली स्त्री पुण्यात रुजू झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस देशातल्या स्त्रियांच्या दर्जाविषयीचा 'समानतेकडे' हा अहवाल सरकारला सादर झाला, आणि १९७६ च्या समान वेतन कायद्याने नोकरभरतीत असा भेदभाव करायला मनाई केली. आज ती तळटीप कुठल्याही जाहिरातीत छापलेली दिसणार नाही. ती आता तोंडी सांगतात, "घरच्यांची चिठ्ठी आणा" अशा शब्दांत.

दुसरं उदाहरण आपल्या आणखी जवळचं, आणि त्याचा गवगवा मात्र कमी झाला. नागपूरला इंजिनिअरिंग शिकलेल्या रश्मी ऊर्ध्वरेषे १९८३ साली पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत शिकाऊ इंजिनिअर म्हणून लागल्या. वेताळ टेकडीवरची ही संस्था, लोक तिला एआरएआय म्हणतात. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या गाड्या नियमांत बसतात की नाही, त्यांचा धूर किती, ब्रेक कसे, हे तपासणारी ही देशातली एक प्रमुख जागा. गाड्यांच्या धुराची मोजणी आणि त्याविषयीचे नियम या क्षेत्रात ऊर्ध्वरेषेंनी वर्षानुवर्षं काम केलं. २०१४ साली त्या संस्थेच्या संचालक झाल्या. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ची धुराची मानकं लागू झाली, त्याआधीची सगळी धावपळ त्यांच्या कारकिर्दीत झाली. त्या वर्षीच्या ८ मार्चला त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. शिकाऊ ते संचालक या वाटेला एकतीस वर्षं लागली. म्हणजे मध्ये एका पिढीचं बाळंतपण, मुलांच्या शाळा, सासर-माहेरची आजारपणं येऊन जातील एवढा काळ. त्या काळात किती मुली या वाटेवरून मागे फिरल्या, त्यांचा पुरस्कार कोण देणार?

एकटीदुकटी पुढे गेली की तिचा सत्कार करायचा आणि बाकीच्यांना 'बघा, जमतं की' म्हणायचं, ही सवय आपल्यालाही लागली आहे. जिद्दीचं कौतुक असावंच. पण पोस्टकार्ड लिहायची वेळ न येता नोकरी मिळावी, यासाठी आपली चळवळ आहे.

आता कायद्याकडे येऊ, कारण त्या शनिवारचा आमचा वाद खरं तर कायद्याच्या इतिहासातलाच वाद होता. १९४८ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांना कामावर ठेवायची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी बांधून दिली होती. त्याच कायद्याच्या २२ व्या कलमात आणखी एक तरतूद होती: मुख्य यंत्र किंवा त्याचे पट्टे-चाकं फिरत असताना त्यांची सफाई, तेलपाणी, जुळवाजुळव 'कोणतीही स्त्री किंवा अल्पवयीन व्यक्ती' करणार नाही. पन्नास वर्षांची अनुभवी बाई आणि पंधरा वर्षांचा पोरगा एका ओळीत! पट्ट्यात पदर अडकून बायका मरत होत्या, हे खरं. पण धोका पट्ट्यात होता, बाईत नव्हता. पट्ट्यावर जाळी बसवण्याचा खर्च मालकाचा. बाईला बाहेर ठेवणं फुकटात होतं.

या 'संरक्षणा'चं काय करायचं, यावर आपल्यात एकमत कधीच नव्हतं. गिरण्यांतून बायका कशा कमी होत गेल्या हे पाहिलेल्या मैत्रिणी म्हणत, रात्रपाळीची बंदी हे मालकाच्या हातातलं निमित्त आहे. तीन पाळ्यांत फिरू न शकणारा कामगार त्याला नकोच असतो. दुसऱ्या म्हणत, बंदी उठली की हक्क मिळणार नाही, सक्ती येईल. गरजू बाईची 'संमती' ही कसली संमती?

दरम्यान कायदा पुढे सरकला. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली रात्रपाळीची बंदी घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्राने २०१५ साली कायद्यात दुरुस्ती करून अटींसह ती उठवली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या कामगार-सुरक्षेच्या संहितेनुसार स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारचं काम करता येतं, आणि त्यांची संमती असेल तर, सुरक्षिततेच्या अटी पाळून, संध्याकाळी ७ नंतर आणि सकाळी ६ आधीही. धोक्याच्या कामाबाबत आता 'बाई नको' असं म्हणायचं नाही, तर मालकाला पुरेशी सुरक्षासाधनं करायला लावायची, अशी दिशा आहे. कामगारांचे इतर अनेक हक्क या संहितांनी पातळ केले, याबद्दल कामगार संघटनांचा विरोध आहे आणि तो समजून घ्यायला हवा. पण एवढं खरं की 'कायद्यात बसत नाही' हे उत्तर त्या मुलीला आता कुणीही देऊ शकत नाही. आणि संमती मागायची ती तिची. कायद्यात घरच्यांच्या चिठ्ठीचा उल्लेख कुठेही नाही.

मग आमचं उत्तर काय? त्या बैठकीनंतर आम्ही पुन्हा बसलो, दोनदा बसलो, आणि एका ठिकाणी आलो. रात्रपाळी हा तिचा हक्क आहे. तो वापरायचा की नाही, हा निर्णय तिचा. आणि तो निर्णय तिला भीतीशिवाय घेता यावा, ही जबाबदारी मालकाची, सरकारची आणि आपली. 'सुरक्षित नाही, म्हणून जाऊ नको' हे वाक्य आपण आयुष्यभर आयांच्या, सासवांच्या तोंडून ऐकलं. ते संघटनेच्या तोंडी शोभत नाही. पण 'हक्क आहे, जा' एवढं म्हणून तिला हायवेवर सोडून देणंही शोभत नाही.

म्हणून मागण्या नेमक्या हव्यात. पाळी सुटल्यावर घराच्या दारापर्यंत गाडी हवी, वसाहतीच्या फाट्यापर्यंत नको. पाळीत एकटी बाई नको, निदान दोघीतिघी हव्यात. स्वच्छतागृह कामाच्या जागेजवळ आणि उजेडात हवं. ते नसलं की मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पाळणाघर हवं. जुन्या कायद्यात तीसहून जास्त बायका असतील तरच पाळणाघराची सक्ती होती, म्हणजे बायका कमी ठेवल्या की मालक सुटला. २०१७ साली मातृत्वलाभ कायद्यातल्या दुरुस्तीने हा हिशेब बदलला आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी, बाया-पुरुष मिळून, अशी मोजदाद आली. नव्या संहितेतही तीच आहे. शिरोली-गोकुळ शिरगावच्या किती कारखान्यांत आज पाळणाघर आहे, हे आपण दारात जाऊन पाहायला हवं. आणि रात्रपाळीला 'नाही' म्हणणारीची नोकरी जाता कामा नये. नाही म्हणता येत असेल तरच 'हो'ला अर्थ आहे.

लैंगिक छळाबद्दल २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती हवीच. पण उद्यमनगरातली निम्मी-अधिक दुनिया चार-सहा माणसांच्या शेडमध्ये चालते. तिथल्या बाईने, किंवा जिची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे तिने, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं असतं. ही समिती आहे हेच बहुतेकींना माहीत नसतं. तिचा पत्ता आपण प्रत्येक आयटीआयच्या आणि तंत्रनिकेतनाच्या फलकावर लावू शकतो. याला ना मोर्चा लागतो ना निधी.

काहीजणी विचारतील, या सगळ्या खटपटीत एवढं काय ठेवलं आहे? मुली कॉम्प्युटर शिकताहेत, एसीमध्ये बसताहेत, बरं चाललं आहे. २०२०-२१ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांत दहांत जेमतेम तीन मुली होत्या. या तिघींतल्या किती यंत्रशाळेच्या शाखांत जातात, ते कुठल्याही कॉलेजच्या मेकॅनिकलच्या वर्गात डोकावलं की कळतं. कॉम्प्युटर वाईट नाही. पण 'मुलींचं काम' आणि 'मुलांचं काम' ही जुनी वाटणी पदवीच्या कागदावर नव्याने छापली जात असेल, तर ती ओळखायला हवी.

आणि गाडी ज्याने बनवली त्याच्या डोळ्यांपुढे जे शरीर असतं, त्याच शरीरासाठी ती बनते. टक्कर-चाचणीत गाडीत पुतळे बसवतात. अनेक दशकं प्रमाण मानला गेलेला पुतळा सुमारे पावणेदोन मीटर उंचीच्या, ७८ किलो वजनाच्या पुरुषाचा आहे. बाईचा म्हणून जो वापरत, तो बहुतेक त्याचीच लहान आवृत्ती. अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात आढळलं की समोरून झालेल्या टकरीत, पट्टा लावलेला असतानाही, स्त्रियांना गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुषांहून ७३ टक्क्यांनी अधिक होती. सरासरी स्त्रीच्या बांध्याचा पुतळा स्वीडनमध्ये अॅस्ट्रिड लिंडर या संशोधक बाईच्या पुढाकाराने तयार झाला, आणि तोही २०२२ मध्ये. आपल्याकडचं उदाहरण साधं आहे. मोटारसायकलच्या मागच्या चाकाला साडी-गार्ड असतो. १९८९ च्या मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं. पदर चाकात जाऊन काय होतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या पत्र्याच्या तुकड्याची किंमत कळते. आणि 'गाडीची शोभा जाते' म्हणून तो काढून टाकणारा मुलगाही प्रत्येक गल्लीत आहे. १९८४ साली बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी कायनेटिक होंडा आली आणि किक मारता येत नाही म्हणून घरी बसलेल्या कितीतरी बायका रस्त्यावर आल्या. यंत्राची रचना कुणाच्या सोयीची, हा राजकीय प्रश्न आहे, तो नुसता तांत्रिक नाही.

शिवाय हा उद्योग आत्ता कूस बदलतो आहे. विजेच्या गाडीत सिलिंडर नाही, पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही. म्हणजे कोल्हापूरच्या भट्ट्यांपुढे मोठा प्रश्न उभा आहे, आणि त्याच वेळी बॅटरी, मोटर, सेन्सर यांची नवी कामं उभी राहत आहेत. पुण्यात टाटा मोटर्सच्या कारखान्यात जुळणीची एक अख्खी लाइन स्त्रिया चालवतात. स्वागतच आहे. पण तिथे थांबू नका, पुढचे प्रश्न विचारा. या मुली कायम आहेत की शिकाऊ? पाच वर्षांनी त्या कुठे असतील? लाइनवर बाई आहे, तर आराखड्याच्या टेबलावर आहे का? नव्या कामाची वाटणी पहिल्या दिवशी होते. त्या दिवशी आपण हजर नसलो तर पुढची पन्नास वर्षं पुन्हा डबा पोचवण्यात जातील.

म्हणून आपल्या गटांना विनंती. दहावीच्या मुलींशी बोलताना 'सगळ्या क्षेत्रांत जा' असं मोघम सांगू नका, वाट सांगा. दहावीनंतर आयटीआयचा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आहे, तीन वर्षांचा डिप्लोमा आहे, त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे. बारावी शास्त्रनंतर सीईटी देऊन पदवीला जाता येतं. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. 'पैसे नाहीत' हे कारण घरच्यांनी पुढे केलं तर हा शासन निर्णय त्यांच्यापुढे ठेवा. शिकून झाल्यावर फक्त कारखानाच असतो असंही नाही. लोकसेवा आयोगामार्फत होणारी सहायक मोटार वाहन निरीक्षकाची परीक्षा आहे, चाचणी-प्रयोगशाळा आहेत, अपघातग्रस्त गाड्यांचं नुकसान ठरवणाऱ्या सर्व्हेअरचं काम आहे, आणि स्वतःचं गॅरेज आहेच.

शेवटचं, आणि सगळ्यांत जवळचं. त्या मुलीच्या वडिलांकडे आमच्यातल्या दोघी जाऊन आल्या. माणूस वाईट नाही. "पोरगी हुशार आहे, माझ्यापेक्षा बरोबर माप घेते," असं स्वतःच म्हणाले. मग वर्कशॉप पुढे कुणाच्या नावावर होणार, असं विचारल्यावर हसले. धाकटा मुलगा नववीत आहे. त्याला यंत्राची गोडी नाही, हेही त्यांनीच सांगितलं. १९९४ साली महाराष्ट्राने, आणि २००५ साली देशाने, हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिला. पण वाट्यात घर येतं, शेत येतं. लेथ येतो का, हे आपण कधी विचारलंच नव्हतं.

ती सध्या वडिलांच्या लेथवर काम करते, पगाराशिवाय. पुढच्या महिन्यात आणखी एका कारखान्यात मुलाखत आहे, तीन पाळ्यांचीच. आमच्यातल्या एकीच्या ओळखीची दुसरी डिप्लोमावाली मुलगीही तिच्याबरोबर जाणार आहे. दोघी एकाच पाळीची आणि घरापर्यंत गाडीची मागणी लेखी करणार आहेत. अर्जाचा मसुदा आम्ही करून दिला आहे. काय होईल ते पुढच्या अंकात कळवूच.

तुमच्या गावात, तुमच्या वसाहतीत अशा कितीजणी आहेत? रात्रपाळीबद्दल तुमच्या गटात काय बोलणं झालं? आमचं उत्तर तुम्हांला पटलं नसेल तर तसंही लिहा. हा वाद आपण घरातल्या घरात फार वर्षं मिटवत आलो, आता तो मोकळेपणाने होऊ दे.